खेळाडूच्या मागे काय दिसते?

बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डे जमवण्याचा छंद अमेरिकेत सुमारे एकशेचाळीस वर्षे टिकून आहे. आजचे नेहमीचे कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढे असते. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र आणि मागच्या बाजूला त्याची जन्मतारीख, उंची, वजन व आधीच्या हंगामांतील कामगिरीचे आकडे छापलेले असतात. टॉप्स या अमेरिकन कंपनीने आपल्याकडे आयपीएलची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डे काढली होती. ती ज्यांनी हाताळली असतील त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

बहुतेक संग्राहक ठरलेल्या तीन वाटांपैकी एक धरतात. कुणी एकाच खेळाडूची कार्डे जमवतो, कुणी एका संघाची, तर कुणी एका वर्षाचा संपूर्ण संच पुरा करण्याच्या मागे लागतो. या लेखात चौथ्या वाटेची ओळख करून द्यायची आहे. खेळाडू कोण आहे हे बाजूला ठेवायचे आणि त्याच्या पाठीमागे काय दिसते यावरून कार्ड निवडायचे. ताडामाडाची झाडे, वेलींनी झाकलेली भिंत, पाडून टाकलेले स्टेडियम, नदीवरचा पूल, जाहिरातीचा फलक यांपैकी काहीही चालेल. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांमध्ये पक्षी, रेल्वे किंवा किल्ले असे विषय धरून संग्रह करण्याची पद्धत जुनी आहे. तीच पद्धत इथे वापरायची.

छात्र मित्रांनो, हा छंद तुमच्यासमोर ठेवण्याचे कारण उघड आहे. मॅप रीडिंग आणि फील्ड क्राफ्टच्या तासांना तुम्हाला जमीन वाचायला शिकवतात. चित्रात मुद्दाम पुढे ठेवलेली वस्तू सगळ्यांनाच दिसते. नकळत मागे राहून गेलेली वस्तू दिसण्यासाठी मात्र डोळ्यांना सवय लावावी लागते. ही सवय किती मोलाची असते, याची दोन उदाहरणे आधी पाहू.

पाठीमागची माहिती : दोन उदाहरणे

१९४२ साली बीबीसीने ब्रिटनमधील नागरिकांना एक आवाहन केले. युद्धापूर्वी युरोपच्या किनाऱ्यांवर सुट्टी घालवताना काढलेली छायाचित्रे आणि तिथली पोस्टकार्डे पाठवून द्या, असे ते आवाहन होते. लाखो चित्रे जमा झाली. फोटो काढणाऱ्याने वाळूत बसलेल्या आपल्या मुलांचा फोटो काढला होता. लष्करी अभ्यासकांना त्या मुलांच्या मागचा किनाऱ्याचा उतार, समुद्राकडची भिंत आणि किनाऱ्यावरून आत जाणारा रस्ता हवा होता. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, त्याआधीच्या तयारीत अशा घरगुती चित्रांचाही वाटा होता.

दुसरे उदाहरण बेसबॉलमधलेच आहे. मो बर्ग हा खेळाडू कॅचर होता. आपल्या क्रिकेटमधल्या यष्टीरक्षकासारखी ही जागा असते. खेळाडू म्हणून तो साधारणच होता, पण अनेक भाषांचा अभ्यासक होता. १९३४ साली बेब रुथ आणि लू गेरिग यांच्यासारख्या नामवंतांबरोबर तो जपानच्या दौऱ्यावर गेला. टोकियोतील सेंट ल्यूक्स रुग्णालयात अमेरिकन राजदूताच्या मुलीला भेटायला जातो असे सांगून तो थेट इमारतीच्या माथ्यावर चढला आणि छोट्या कॅमेऱ्याने शहराचे चित्रीकरण करून आला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेत, ओएसएसमध्ये, दाखल झाला. डिसेंबर १९४४ मध्ये त्याला झुरिचला शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या व्याख्यानाला बसवण्यात आले होते. जर्मनीचे अणुबाँबचे काम कुठवर आले आहे, याचा अंदाज त्याने घ्यायचा होता. या बर्गचे १९३३ च्या गौडी कंपनीच्या संचात कार्ड आहे, क्रमांक १५८. त्या कार्डाची पार्श्वभूमी मात्र सपाट रंगाची आहे. तिच्यातून काहीच कळत नाही, आणि गुप्तहेराच्या कार्डाला ते शोभूनही दिसते!

पार्श्वभूमी कशी बदलत गेली

संग्रह सुरू करण्यापूर्वी कोणत्या काळातल्या कार्डांवर काय सापडू शकते हे ठाऊक असावे.

१८८६ ते १८९० या काळात न्यू यॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छायाचित्रे दिली. त्या वेळचे कॅमेरे पळता चेंडू टिपू शकत नव्हते. म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणून रंगवलेल्या पडद्यासमोर उभे करीत आणि चेंडू दोरीने वरून टांगत. काही कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. ‘मैदान’ म्हणजे कापडावर काढलेली झाडे आणि पायाखालचा गालिचा.

१९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीचा प्रसिद्ध संच आला. संग्राहक त्याला ‘टी २०६’ म्हणतात. त्यात पाचशेहून अधिक रंगीत शिळाछापाची चित्रे आहेत. काहींच्या मागे एकच सपाट रंग आहे, तर काहींच्या मागे मैदान आणि मावळतीचे आकाश. याच संचातल्या होनस वॅग्नरच्या एका कार्डाला २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. त्याच सुमारास ‘टर्की रेड’ सिगारेटबरोबरची कुपने जमवून पाठवणाऱ्यांना मोठ्या आकाराची चित्रे मिळत. त्यांत आकाश, कुंपण आणि प्रेक्षकांचे सज्जे बारकाईने रंगवलेले आहेत. पार्श्वभूमीवर प्रेम करणाऱ्याला ही चित्रे निदान एकदा तरी पाहायला हवीत.

१९३४ ते १९३६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॅशनल चिकल या च्युइंगम कंपनीने ‘डायमंड स्टार्स’ नावाची १०८ कार्डे काढली. खेळाडूंच्या मागे त्या काळच्या आर्ट डेको शैलीत उंच इमारती, कारखान्यांची धुरांडी आणि स्टेडियम रंगवलेले आहेत. महामंदीच्या वर्षांतले अमेरिकन शहर कलावंताच्या मनात कसे होते, ते या संचात पाहायला मिळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन कंपन्यांत चढाओढ लागली. टॉप्सच्या १९५२ च्या संचात कृष्णधवल छायाचित्रांवर हाताने रंग भरलेले होते. १९५३ साली बोमनने खरी रंगीत छायाचित्रे वापरली आणि स्टेडियममधल्या खुर्च्या, खांब आणि गवत प्रथमच आपापल्या रंगांत दिसू लागले. १९५७ पासून टॉप्सनेही रंगीत छायाचित्रे घेतली आणि आजचा अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार रूढ झाला.

साठच्या दशकातील असंख्य कार्डे हंगामापूर्वीच्या सराव शिबिरांत काढलेली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर अमेरिका गारठलेली असते. म्हणून संघ फ्लॉरिडा किंवा ॲरिझोनाच्या उबेत सराव करतात. या सराव सामन्यांना तिथल्या फळा-झाडांवरून ‘ग्रेपफ्रूट लीग’ आणि ‘कॅक्टस लीग’ अशी नावे पडली आहेत. खेळाडूमागे ताडाची रांग दिसली तर फ्लॉरिडाचा आणि उघडी तपकिरी टेकडी दिसली तर ॲरिझोनाचा विचार आधी करावा. डॉजर्स संघ १९४८ पासून २००८ पर्यंत फ्लॉरिडातील व्हेरो बीच येथे सराव करीत असे. ते शिबिर महायुद्धातल्या नौदलाच्या विमानतळाच्या जागेवर उभे राहिले होते.

१९७१ पासून टॉप्सने प्रत्यक्ष सामन्यातली रंगीत छायाचित्रे घेतली. आता मागे इतर खेळाडू, पंच, राखीव खेळाडूंचा बाक आणि प्रेक्षक येऊ लागले. १९९१ साली ‘स्टेडियम क्लब’ हा संच आला. त्यात पांढरी चौकट काढून छायाचित्र कार्डाच्या कडेपर्यंत नेले होते. आपल्या विषयासाठी हा मोठाच फायदा, कारण चौकटीने कापलेली जागा पुन्हा मिळाली.

विषय कसा निवडावा

‘सुंदर देखावे’ हा विषय होऊ शकत नाही. त्यात सगळेच बसते, आणि ज्यात सगळे बसते तो संग्रह कधी आकार घेत नाही. कोणते कार्ड घ्यायचे नाही हे सांगता आले की विषय ठरला असे समजावे. नमुन्यादाखल काही विषय पाहा.

पहिला विषय हरवलेल्या मैदानांचा. ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड १९६० साली पाडले गेले, तर न्यू यॉर्कचे पोलो ग्राउंड्स १९६४ साली. पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर १९७० पर्यंत सामने झाले. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा काही भाग आजही पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात उभा आहे.

दुसरा विषय भिंतींचा. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या भिंतीवर १९३७ साली वेली लावल्या. बोस्टनच्या फेनवे पार्कमधील ३७ फूट उंचीची हिरवी भिंत ‘ग्रीन मॉन्स्टर’ नावाने प्रसिद्ध आहे. या दोन भिंतींवरच एक चांगला छोटा संग्रह होऊ शकतो.

तिसरा विषय शहराच्या खुणांचा. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमधून ॲलेगेनी नदी आणि तिच्यावरचा पिवळा पूल दिसतो. सेंट लुईसच्या मैदानामागे तिथली प्रसिद्ध कमान दिसते. सॅन डिएगोच्या पेटको पार्कच्या कोपऱ्यात तर १९०९ सालची विटांची जुनी इमारत न पाडता स्टेडियममध्येच सामावून घेतली आहे.

चौथा विषय आपल्या शाळेला साजेसा आहे : गणवेश आणि युद्ध. टेड विल्यम्स हा थोर फलंदाज मरीन दलात वैमानिक होता. कोरियाच्या युद्धात त्याने ३९ उड्डाण मोहिमा केल्या. १६ फेब्रुवारी १९५३ रोजी गोळीबाराने जखमी झालेले जेट विमान त्याने धावपट्टीवर पोटावर उतरवले आणि जिवंत बाहेर पडला. १९५९ साली फ्लीअर कंपनीने त्याच्या आयुष्यावर ८० कार्डांचा संच काढला. त्यातल्या काही कार्डांवर मैदानाऐवजी त्याची लष्करी सेवा आहे. याच विषयात १९९१ ची ‘डेझर्ट शील्ड’ कार्डेही बसतात. आखाती युद्धाच्या वेळी टॉप्सने आपल्या नेहमीच्या ७९२ कार्डांच्या संचावर सोनेरी शिक्का उमटवून ती सैनिकांसाठी पाठवली होती. मात्र त्या शिक्क्याच्या नकलाही बाजारात आहेत, म्हणून नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

संख्याही आधीच ठरवावी. अल्बमच्या एका प्लास्टिक पानात नऊ कप्पे असतात. सुरुवात नऊ कार्डांपासून करा, म्हणजे एक पान पुरे झाल्याचे समाधान लवकर मिळते. पुढे अठरा, सत्तावीस असे वाढवत जा.

जागा कशी ओळखावी

संग्रहाचा खरा आनंद इथे आहे. कार्डाच्या मागे फलंदाजीचे आकडे असतात, पण छायाचित्र कुठे काढले ते बहुधा छापलेले नसते. ते आपण शोधायचे.

पहिली पायरी गणवेशाची. बेसबॉलमध्ये परंपरेने यजमान संघ पांढरा आणि पाहुणा संघ करडा पोशाख घालतो. खेळाडू करड्या कपड्यांत असेल तर ते मैदान त्याच्या संघाचे नाही, हे पहिल्याच नजरेत कळते. टॉप्स ही तेव्हा ब्रुकलिनची कंपनी होती. त्यामुळे तिच्या जुन्या कार्डांवर न्यू यॉर्कला खेळायला आलेले पाहुणे खेळाडू पुष्कळदा भेटतात.

दुसरी पायरी बांधकामाची. यांकी स्टेडियमच्या वरच्या सज्जाच्या छपराला झालरीसारखी नक्षी होती. मुळात ती तांब्याची होती आणि पुढे तिला पांढरा रंग दिला गेला. १९७३ च्या हंगामानंतर स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली आणि ही झालर उतरवली गेली. १९७६ साली स्टेडियम पुन्हा उघडले तेव्हा तिची प्रतिकृती फक्त मैदानाच्या पलीकडच्या बाजूला उरली. २००९ साली शेजारी बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये झालर पुन्हा छपरावर आली. म्हणजे जुन्या कार्डात खेळाडूच्या डोक्यावर छपरालगत झालर दिसत असेल तर छायाचित्र १९७३ किंवा त्यापूर्वीचे.

तिसरी पायरी इतिहासाची. समजा, पोलो ग्राउंड्सच्या पार्श्वभूमीवर ह्यूस्टनच्या ‘कोल्ट .४५’ संघाचा खेळाडू दिसतो आहे. हे छायाचित्र कधीचे? जायंट्स संघ १९५७ च्या हंगामानंतर पोलो ग्राउंड्स सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पुढे मेट्स हा नवा संघ तिथे फक्त १९६२ आणि १९६३ हे दोन हंगाम खेळला. ह्यूस्टनचा संघही १९६२ सालीच जन्माला आला. म्हणून छायाचित्र या दोन हंगामांतलेच असणार. कार्डावर छापलेले वर्ष १९६४ असले तरी गोंधळू नका. कार्ड हंगामाच्या तोंडावर छापले जाते आणि त्यावरचे छायाचित्र बहुधा आधीच्या वर्षाचे असते. १९६९ च्या संचात तर खेळाडूंची संघटना आणि टॉप्स यांच्यातील वादामुळे अनेक जुनीच छायाचित्रे पुन्हा वापरावी लागली होती.

चौथी पायरी सावल्यांची. बेसबॉलच्या नियमावलीत एक सूचना आहे : फलंदाजाच्या जागेपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्य दिशेला असावी. दुपारनंतरचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये हा त्यामागचा फायदा. आता तुमचे होकायंत्राचे ज्ञान वापरा. अमेरिकेत भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते. फलंदाज पूर्व-ईशान्येकडे तोंड करून उभा असेल तर ही सावली त्याच्या डाव्या हाताला, तिसऱ्या बेसच्या बाजूला पडेल. दिवस कलला की ती लांब होत मैदानाच्या आत सरकेल. सगळी मैदाने ही सूचना पाळत नाहीत, म्हणून सावलीवरून निघालेला निष्कर्ष एकटा घेऊ नये. दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून घ्यावा.

पाचवी पायरी प्रकाशाची. रिग्ली फील्डवर ऑगस्ट १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. तोवरचे तिथले सगळे सामने दिवसा उजेडी झाले. १९८५ च्या कार्डावर रात्रीच्या झगमगाटात कुणी शिकागोचा कब्ज खेळाडू पांढऱ्या पोशाखात दाखवील, तर तुम्हाला लगेच शंका यायला हवी.

चित्रही फसवते

जे छापले आहे ते खरे असेलच असे नाही. १९५६ च्या टॉप्स संचात हँक ॲरनच्या कार्डावर त्याच्या चेहऱ्यामागे एक खेळाडू घसरत येताना दिसतो. तो ॲरन नसून विली मेज आहे. गणवेश तेवढा रंगवून बदललेला आहे. पुढच्याच वर्षी ॲरनच्या कार्डाची निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताने खेळणारा ॲरन डावखुरा झाला. शंका आली की जर्सीवरचे आकडे आणि मागच्या फलकांवरची अक्षरे उलटी आहेत का, ते आधी पाहावे.

खेळाडूने संघ बदलला की जुन्या छायाचित्रावर रंग फवारून नवा गणवेश चढवण्याची पद्धत होती. १९८९ च्या फ्लीअर संचात रँडी जॉन्सनच्या खांद्यामागे सिगारेटच्या जाहिरातीचा फलक आला. कंपनीने तो टप्प्याटप्प्याने झाकला. त्यामुळे एकाच कार्डाच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या. कुठे फलक स्वच्छ वाचता येतो, कुठे त्यावर रंगाची छटा आहे, तर कुठे तो पूर्ण काळा केलेला आहे. इथे किंमत ठरते ती सर्वस्वी पार्श्वभूमीवर. २००७ साली तर टॉप्सने डेरेक जीटरच्या कार्डात कमालच केली. मागे मिकी मँटल आणि प्रेक्षकांत अध्यक्ष जॉर्ज बुश दिसतात. मँटल १९९५ साली वारला होता. दोघांनाही संगणकावर त्या चित्रात बसवले होते.

म्हणून नोंदवही ठेवताना एक शिस्त पाळावी. प्रत्येक कार्डासाठी वर्ष, कंपनी, क्रमांक, खेळाडू, पार्श्वभूमीत काय दिसते, जागा कोणती, ती कशावरून ओळखली आणि खात्री किती, असे रकाने आखा. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द चालतील : नक्की, बहुधा, अज्ञात. ‘काय दिसते’ आणि ‘कोणती जागा’ हे दोन रकाने कधी एक करू नका. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेले लिहायचे, दुसऱ्यात बुद्धीने काढलेले. ‘ताडाची चार झाडे’ हे निरीक्षण आहे, ‘फ्लॉरिडा’ हा निष्कर्ष. पुढे टेहळणीचा अहवाल लिहाल तेव्हाही हाच भेद पाळावा लागेल. तिथे ‘बहुधा’च्या जागी ‘नक्की’ लिहिले तर त्याची किंमत तुमच्या मागून चालणारे जवान मोजतात. ही सवय कार्डांवर लावून घेणे केव्हाही स्वस्त.

पालकांसाठी : खर्च आणि काळजी

लाखो डॉलरच्या बातम्या वाचून पालकांनी दचकू नये. नामवंत खेळाडूंच्या दुर्मिळ कार्डांनाच तशा किमती येतात. पार्श्वभूमीचा संग्राहक बहुतेक वेळा ज्याला बाजारात विचारत नाहीत अशा साध्या खेळाडूचे कार्ड शोधत असतो. त्या खेळाडूमागेही तेच आकाश आणि तीच भिंत असते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कार्डे इतकी बेसुमार छापली गेली की संग्राहक त्या काळाला थट्टेने ‘जंक वॅक्स’ म्हणतात. मेणकागदी पाकिटांवरून हे नाव पडले. त्या काळातली सामान्य कार्डे आजही अगदी स्वस्त असतात.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. बंद पाकिटे घेऊ नयेत, कारण आत काय निघेल हे नशिबावर असते आणि ‘आणखी एक पाकीट’ ही चटक मुलांना लवकर लागते. हवे तेच सुटे कार्ड घ्यावे. परदेशातून एकेक कार्ड मागवण्यापूर्वी टपालखर्च आणि सीमाशुल्क विचारात घ्यावे, कारण कार्डापेक्षा तेच जास्त होण्याची शक्यता असते. अमेरिकेत राहणारी आत्या किंवा मामा सुट्टीत घरी येणार असतील तर त्यांना यादी देणे उत्तम. शंभर कार्डांचा गठ्ठाही बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. तिसरे पथ्य असे की पुढे भाव वाढेल म्हणून काही घेऊ नये. तो छंद राहत नाही, सट्टा होतो.

आपल्या हवेत कागदाचा मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. कार्डे पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत ठेवावीत आणि पीव्हीसीची पाने टाळावीत. रबरबँड कधी लावू नये, कडा चेपतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. वसतिगृहातल्या लोखंडी पेटीत तळाशी ठेवण्यापेक्षा अल्बम वरच्या कप्प्यात उभा ठेवलेला बरा.

आणि एकही रुपया खर्च न करता हा अभ्यास करता येतो. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे २१०० कार्डे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांतून नऊ निवडा आणि प्रत्येकाच्या पार्श्वभूमीचे पेन्सिलने रेखाटन करा. रेखाटन करताना डोळा अशा गोष्टींवर थांबतो ज्या नुसते पाहताना निसटतात.

सामान्य माणसाचे काम

या छंदाला शिस्त लावणारा माणूस श्रीमंत नव्हता. जेफरसन बर्डिक हा न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात राहणारा साधा नोकरदार होता. संधिवाताने त्याची बोटे आखडत चालली होती. अमेरिकेत छापल्या गेलेल्या कार्डांची त्याने वर्गवारी केली. ‘टी २०६’सारखी नावे त्याच्याच सूचीतून आली आहेत. कार्डे आणि इतर छापील वस्तू मिळून तीन लाखांहून अधिक नग त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. त्यांत बेसबॉलची सुमारे ३० हजार कार्डे होती. पुढे कित्येक वर्षे तो संग्रहालयात जाऊन ती आपल्या हातांनी अल्बममध्ये लावत बसे. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले आणि दोन महिन्यांनी तो वारला.

बर्डिकने जमवले ते बहुतेक लोक फेकून देत असत. पार्श्वभूमीचेही तसेच आहे. एबेट्स फील्डच्या जागी आज राहत्या घरांच्या इमारती आहेत. तिथल्या जाहिरातींच्या भिंती, कुंपणे आणि सज्जे कुणी मुद्दाम जपले नाहीत. ते उरले आहेत खेळाडूंच्या खांद्यांमागे, बोटभर रुंदीच्या पट्टीत. छायाचित्रकाराने ती पट्टी टिपण्याचे ठरवलेही नव्हते.

या सुट्टीत घरी गेलात की आधी घरचा जुना अल्बम उघडा. आजोबांच्या किंवा वडिलांच्या एखाद्या फोटोत त्यांच्या मागे काय आहे ते पाहा. कोणती भिंत, कोणते झाड, दुकानावरची कोणती पाटी? आता ते तिथे आहे का? आजीला विचारा. मग नोंदवही उघडा, रकाने आखा आणि पहिली नोंद करा. खात्रीच्या रकान्यात मात्र जो शब्द खरा असेल तोच लिहा.